मागणारे आणि राखणारे

‘जमिनीला भाव आला, बहिणीला हाव सुटली आणि चांगलं नांदतं घर फुटलं.’ हे वाक्य हल्ली लग्नघरात, दहाव्याच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर आणि वकिलाच्या ऑफिसबाहेर इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने बोललं जातं, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. मला या वाक्याचा त्रास होतो तो त्यातल्या क्रमामुळे. आधी भाव, मग हाव, मग फूट. बहिणीने तोंड उघडण्यापूर्वी त्या घरात पैशाची इच्छा कोणालाच नव्हती, असं हे वाक्य गृहीत धरतं. पण तोवर जमीन कोणाच्या ताब्यात होती, ऊस कोणाच्या नावाने कारखान्याला जात होता, सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावावर निघत होतं आणि वाटणीचा विषय निघाला की ‘आत्ता नको, आईची तब्येत बरी नाही’ असं कोण म्हणत होतं, हे त्या वाक्यात येत नाही. पैशाच्या इच्छेने नाती बिघडतात हे खरंच आहे. प्रश्न इतकाच, की ती इच्छा आपल्याला नेमकी कोणाच्या ठिकाणी दिसते आणि कोणाच्या ठिकाणी दिसत नाही.

पैशापायी सख्खे भाऊ वैरी होतात, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. नारायणराव पेशव्यांच्या खुनाला २५० वर्षं होऊन गेली. त्या खुनामागच्या घरातल्या कलहावर खाडिलकरांनी नाटक लिहिलं आणि त्याला ‘भाऊबंदकी’ हेच नाव दिलं. बांधावरून झालेल्या मारामाऱ्या, सामाईक विहिरीच्या पाळीवरून पंधरा-पंधरा वर्षं चाललेले दावे, मधोमध भिंत घातलेले वाडे हे सगळं प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. लोभ वाईट, मोह वाईट, शेवटी काही बरोबर न्यायचं नाही, ही शिकवणही कीर्तनातून आणि शाळेच्या निबंधांतून पुरेशी झाली आहे. तिचा उपयोग मात्र फारसा झालेला नाही. माझ्या मते त्याचं कारण असं, की ही शिकवण सगळ्या लोभाला एकाच मापाने मोजते. प्रत्यक्षात घरात लोभाचे दोन प्रकार नांदतात आणि त्यांची वागणूक अगदी वेगळी असते.

एक लोभ मागणाऱ्याचा आणि दुसरा राखणाऱ्याचा. मागणाऱ्याला बोलावं लागतं, दार वाजवावं लागतं, नोटीस पाठवावी लागते, चारचौघांत वाईट व्हावं लागतं. राखणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. जे चाललंय ते चालू राहिलं की त्याचं काम होतं. वेळ त्याच्या बाजूने असतो, गावाची सवय त्याच्या बाजूने असते आणि कागदही बहुतेक त्याच्याच बाजूने असतो. आपल्याकडे वडील गेले की थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागायचं आणि बाकीच्यांची नावं मागे राहायची. बहिणींची नावं लागलीच, तर कब्जेदाराच्या रकान्यात न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात जायची. हे करणाऱ्या माणसाला आपण लोभी आहोत असं कधी वाटलं नसेल, कारण त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. राखणाऱ्याचा लोभ असा त्याच्या स्वतःच्याही नजरेतून सुटतो. म्हणूनच तो सुधारणं जास्त अवघड आहे.

हा लोभ जवळून पाहायचा तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बसावं. वडिलांना जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. भाऊ, वहिनी, दोन-तीन बहिणी आणि ओळख पटवायला आणलेले दोघे जण बाकावर दाटीने बसलेले असतात. हक्कसोडपत्र भावाने आधीच लिहून आणलेलं असतं. त्यात बहिणी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, काहीही मोबदला न घेता आपला हिस्सा सोडत आहेत असं छापलेलं असतं. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नात्यात विनामोबदला सोडायचा असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. नंबर आला की कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो, संगणकावरचा माणूस ‘मजकूर मान्य आहे ना?’ असं विचारतो आणि बहीण मान हलवते. कोणी तिला धमकावलेलं नसतं. ‘ताई, तुला काय कमी आहे?’ एवढंच आदल्या रात्री कोणीतरी म्हटलेलं असतं. संध्याकाळी तिला साडीचोळी होते, डबा बांधून दिला जातो आणि सगळे जण बहिणीचं मन किती मोठं आहे हे सांगतात. त्या खोलीत पैशाची इच्छा भरपूर असते. फक्त ती ज्याची असते त्याच्या तोंडून तिचा उच्चार एकदाही होत नाही.

यावर ज्यांचं म्हणणं विरोधात जातं, त्यांच्याशी मला सविस्तर बोलायचं आहे, कारण ती सगळी दुष्ट माणसं नाहीत. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की पूर्वी घरं एकत्र होती आणि मुलींना हिस्सा देणाऱ्या नव्या कायद्याने ती फोडली. नवा कायदा म्हणताना त्यांच्या मनात २००५ सालची दुरुस्ती असते. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. पण महाराष्ट्राने अशी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, जरी तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, ते मृत्युपत्र न करता गेले तर, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच सारखा आहे. हिंदू कोड बिल रखडलं हे डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडण्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे ज्याला नवा म्हणतात तो कायदा निदान निम्मा तरी आजच्या आजोबांच्या तरुणपणीचा आहे. तो अंगावर आल्यासारखा वाटतो, कारण इतकी वर्षं तो कोणी मागितला नव्हता.

इथे थोडं आडवाटेला जाण्याचा मोह मला आवरत नाही. मुलीचा वाटा ही परक्यांची कल्पना आहे असं मानणाऱ्यांनी आपल्याच धर्मशास्त्राकडे एकदा पाहावं. याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला. त्या स्मृतीतच बहिणीच्या लग्नासाठी भावांनी आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा द्यावा असं सांगितलं आहे. पुढे १७ व्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूख’ लिहिला. त्याचं घराणं मूळचं पैठणचं, पुढे काशीला गेलेलं. इंग्रजी अमदानीत मुंबई प्रांताच्या न्यायालयांनी या मयूखाला मोठा मान दिला आणि त्याच्या आधारे बहिणीला वारसांच्या रांगेत जी जागा मिळाली, ती इतर प्रांतांत मिळत नव्हती. मुलगा नसलेल्या बापाची मिळकत मुलीकडे आली तर इतरत्र ती तिला हयातीपुरती मिळे, मुंबई प्रांतात मात्र पूर्ण मालकीने मिळे. १९३७ मध्ये विधवेला मिळकतीत हक्क देणारा जो कायदा झाला, तोही मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या नावाने ओळखला गेला. हे सगळं पुरेसं होतं असं मी म्हणत नाही; मुलगा असला की मुलगी मागेच राहायची. पण घरातल्या बाईला वाटा देण्याचा विचार या मातीत उगवतच नव्हता, हे खरं नाही. तो उगवला होता. पीक मात्र कागदावरच राहिलं.

विरोधकांचं दुसरं म्हणणं अधिक व्यवहारी आहे. जमीन मुळातच थोडी, त्यात बहिणींना वाटे दिले तर तुकडे पडतील आणि कोणालाच कसता येणार नाही. तुकड्यांची भीती खरी आहे. पण तुकडे कोणी पाडले हे आकड्यांत दिसतं. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं आणि २०००-०१ मध्ये ते १.६६ हेक्टरवर आलं. या तीस वर्षांत मुली हिस्सा मागत नव्हत्या, मागितला तर गाव नाव ठेवत होतं आणि २००५ ची दुरुस्ती तर झालीही नव्हती. ही जमीन भावाभावांतच वाटली गेली. त्या प्रत्येक वाटणीच्या वेळी तुकडा पडेल म्हणून धाकट्या भावाने आपला हिस्सा सोडावा, असं कोणी सुचवलं नाही. नोकरीसाठी पुण्याला किंवा मुंबईला गेलेल्या आणि पुन्हा कधीही नांगर न धरणाऱ्या भावाचं नावही सातबाऱ्यावर राहिलं. जमीन वाचवण्याची काळजी बहिणीच्या नावापाशी आल्यावरच जागी होत असेल, तर ती जमिनीची काळजी म्हणता येणार नाही.

तिसरं म्हणणं लग्नखर्चाचं. ‘तिचं लग्न थाटात केलं, सोनं घातलं, तिथंच तिचा वाटा दिला.’ हे इतक्या मनापासून बोललं जातं की बहिणींनाही ते पटलेलं असतं. पण मांडवाचा, जेवणावळीचा, मानपानाचा खर्च तिच्या हातात कधी आला? हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जो दिला गेला तो तिच्या सासरच्यांनी घेतला. शिवाय त्याच मांडवात मुलाचंही लग्न झालेलं असतं, त्याच्याही शिक्षणावर खर्च झालेला असतो आणि नोकरी लागावी म्हणून कधी शेत गहाण पडलेलं असतं. त्याच्या वाट्यातून ते कोणी वजा करत नाही. हिशेब करायचाच असेल तर दोघांचा करावा. एकाच्या खर्चाला माया म्हणायचं आणि दुसरीच्या खर्चाला वाटणी म्हणायचं, हे चालणार नाही.

आता ज्या आक्षेपाने मला खरोखर थांबायला लावलं, तो. आईवडिलांची वीस वर्षं सेवा भाऊ-वहिनींनी केली. दवाखाने केले, रात्री जागल्या, दुष्काळात विहीर खणली, कर्ज फेडलं. बहीण दिवाळीला यायची आणि चार दिवस राहून जायची. मग शेतातून महामार्ग गेला आणि ती वकील घेऊन आली. यात लोभ नाही असं कसं म्हणता येईल? म्हणता येणार नाही. अशा मागण्यांमागे कधी तिचा नवरा असतो, कधी कर्जात बुडालेला मुलगा, कधी टक्केवारी ठरवून बसलेला दलाल. राखणारा लोभी असतो म्हणून मागणारी निर्लोभ ठरत नाही. आणि सेवा हे खरंखुरं ऋण आहे, ते ज्याने केलं त्याला मिळालंच पाहिजे. पण ते कोणाचं, हेही नीट पाहायला हवं. सासू-सासऱ्यांचं अंथरूण बहुतेक घरांत सुनेने काढलेलं असतं आणि त्याचा मोबदला म्हणून जमीन होते नवऱ्याच्या नावावर. त्याच वेळी ती हक्कसोड करणारी बहीण तिच्या सासरी दुसऱ्या कोणाच्या तरी आईवडिलांचं तेच करत असते. विहिरीचा खर्च, कर्जाची फेड, दवाखान्याची बिलं हे सगळं मांडून आधी वजा करावं, आणि सुनेच्या कष्टाचंही मोल त्यात धरावं, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण हा हिशेब बोलून करावा लागतो, सगळ्यांसमोर करावा लागतो आणि तो झाल्यावर जे उरतं ते वाटावं लागतं. ‘आम्ही केलं’ एवढ्या शब्दांवर सगळीच जमीन ठेवून घेणं म्हणजे सेवेचं बिल किती झालं हे कधीच न सांगणं.

महामार्गाचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी. नागपूरला मुंबईशी जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला आणि त्याच्या बऱ्याच जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या. थेट खरेदीत सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची सही लागते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. जोवर जमीन जमीन असते तोवर तिच्यात अनेकांचं असणं सामावून जातं. भाऊ कसतो, बहिणीकडे सुगीला पायलीभर ज्वारी जाते, आंब्याच्या दिवसांत पेटी जाते, तिची मुलं सुट्टीत विहिरीत पोहतात. कोणाचं किती हे न सांगताही सगळ्यांचं काहीतरी असतं. मोबदला आला की हे संपतं. रक्कम कोणत्या तरी एका खात्यात जमा व्हावी लागते आणि त्या खात्याला नाव असावं लागतं. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात वाटणीवरून वाद झाला तर तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवायची तरतूद कायद्यातच आहे. लोक म्हणतात, पैसा आला आणि घर फुटलं. मला वाटतं, पैशाने त्या घराला पहिल्यांदाच एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर तयार नव्हतं. ते उत्तर आजोबा गेले तेव्हा द्यायचं होतं. मेलेल्या खातेदारांची नावं सातबाऱ्यावर इतकी वर्षं तशीच राहिली होती, की वारस नोंदींसाठी २०२५ मध्ये राज्याला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम घ्यावी लागली.

कायद्याने घर फुटतं का, हे तपासायचं तर शेजारच्या गोव्याकडे पाहावं. तिथे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी सारखे वारस आहेत. आईवडिलांना आपली निम्मी मिळकत मुलांपासून हिरावून घेता येत नाही आणि इतर मुलांच्या संमतीशिवाय एकाच मुलाला ती विकताही येत नाही. विरोधकांचं म्हणणं खरं असतं तर गोव्यातली माहेरं कधीच ओस पडायला हवी होती. तसं झालेलं नाही. मुलीचा वाटा तिथे आक्रमण वाटत नाही, कारण तो मागावा लागत नाही, तो असतोच. पण गोव्यातलीच दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या वाटणीच न केलेली मोठमोठी घरं तिथे कुलूपबंद आहेत. लिस्बनपासून मुंबईपर्यंत पांगलेल्या वारसांच्या सह्या मिळत नाहीत आणि छप्पर खाली येतं. म्हणजे समान हक्क कागदावर असला म्हणून घर वाचतंच असं नाही. हक्क असूनही वाटणी पुढे पुढे ढकलली, तर भाऊ असो वा बहीण, प्रत्येक जण शेवटी राखणारा होतो. मागणारे आणि राखणारे हा फरक मी स्त्री-पुरुषांमधला म्हणून मांडायला घेतला होता. गोव्याकडे पाहिल्यावर दिसतं की तो वेळेचा फरक आहे. आज जी मागते, तिच्याच हाती उद्या ताबा आला आणि तिने विषय टाळला, तर तीही तेच करेल.

या वाटेने पुढे गेलं की मी जिथे पोहोचते, तिथे जायचं सुरुवातीला माझ्या मनात नव्हतं. हक्कसोड लादलेली असेल तर वाईट, मनापासून केलेली असेल तर ती लोभाला दिलेलं सर्वांत सुंदर उत्तर आहे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पैशापेक्षा भाऊ मोठा मानणाऱ्या बाईपुढे कोणाचीही मान लवेल. पण तिने नेमकं काय सोडलं? बीना अगरवाल यांनी दक्षिण आशियातल्या स्त्रियांच्या जमीनहक्कावर लिहिताना दाखवून दिलं आहे, की बहिणी हिस्सा सोडतात त्यामागे मायेबरोबर एक हिशेबही असतो. उद्या नवऱ्याने टाकलं, विधवापण आलं, तर भावाचं दार उघडं राहावं. म्हणजे ती हिस्सा फुकट देत नसते, ती त्या किमतीत माहेर विकत घेत असते. आणि ज्या नात्याला आधी किंमत मोजावी लागते, ते नातं पैशाने बिघडलेलंच आहे. ते बिघडल्याचं फक्त कोणी म्हणत नाही. शिवाय जे कधी तिच्या नावावर झालंच नाही, ते ती देणार कशी? देण्यासाठी आधी आपलं असावं लागतं. वारस नोंद होण्याआधीच सही मागणारा भाऊ दान मागत नाही, तिचा हक्क कधी नव्हताच असं लिहून मागतो. म्हणून मला आता असं वाटतं, की मनाने मोठ्या असलेल्या बहिणीनेही हक्कसोडपत्रावर लगेच सही करू नये. खास करून तिनेच करू नये. तिने केली, की शेजारच्या घरातल्या गरजू बहिणीला ‘तिचं मन बघ केवढं मोठं’ असं सुनावलं जातं.

यावर कोणी म्हणेल, नाव लावायचं आणि मग द्यायचं, हा नुसता फेरा आहे, आणि प्रेमाच्या माणसांत असले कागदी खेळ शोभत नाहीत. तो नुसता फेरा नाही. नाव लागल्यावर तिला महिनाभर, वर्षभर विचार करता येतो. ती पूर्ण देईल, निम्मं देईल, भावालाच कसायला देऊन धान्य घेईल, किंवा ठेवून घेईल. चारही गोष्टी शक्य असतात तेव्हाच त्यातली एक निवडण्याला अर्थ येतो. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. हीच माणसं परंपरेत वाढलेली होती, आणि नाव लावल्याने त्यांचं घर मोडलं नाही. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित स्त्रियांच्या पाहणीवर २००५ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची दीर्घकाळची मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. एका जिल्ह्याच्या पाहणीवरून सगळं सिद्ध होत नाही. पण मिळकतीत बाईचं नाव आलं की कुटुंब बिघडतं, या समजुतीच्या ती बरोबर उलट साक्ष देते. आणि देशात एकूण वहिवाटदारांपैकी स्त्रिया २०१५-१६ च्या कृषिगणनेतही सुमारे १४ टक्केच होत्या, तेव्हा बायकांनी हिस्सा मागून घरं फोडली हा आरोप आकड्यांतही बसत नाही.

शेवटी आईवडिलांविषयी, कारण राखणारे भाऊ घडतात ते त्यांच्या गप्प राहण्यातून. हयातीतच वाटून टाका म्हटलं की आपल्याला शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर आठवतात. १९७० मध्ये आलेल्या ‘नटसम्राट’ने ही भीती मराठी मनात पक्की केली, आणि ती अनाठायी नाही. पण त्यातून घ्यायचा धडा गप्प बसण्याचा नाही. मृत्युपत्र करायला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि आयुष्यभर ते कितीही वेळा बदलता येतं. त्याने हातातलं काहीही जात नाही. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर २००७ च्या कायद्याने ती परत मिळवता येते. शहरातल्या फ्लॅटला नॉमिनी लावला म्हणजे वाटणी झाली, असंही समजू नये. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘मी गेल्यावर काय ते बघा’ असं म्हणणारा बाप निर्मोही नसतो. आपण कोणाला किती देऊ इच्छितो हे सांगण्याचा वाईटपणा तो मुलांच्या अंगावर ढकलत असतो.

तेव्हा ज्यांच्या घरी हा कागद आज टेबलावर आहे, त्यांना सांगायचं ते इतकं. आईवडिलांनो, तोंडाने बोला आणि लिहून ठेवा, मुलीलाही समोर बसवून. भावांनो, बहिणीचं नाव तिने मागायच्या आधी स्वतः तलाठ्याकडे जाऊन लावा. खर्चाचा आणि सेवेचा हिशेब मांडा, पण सगळ्यांसमोर. आणि बहिणींनो, तुम्हाला जे द्यायचं असेल ते जरूर द्या, सगळं द्या. पण आधी सातबाऱ्यावर आपलं नाव बघा, मग द्या.